टपाची खुर्ची

गेटावर बसलेल्या माणसाच्या आधी माझी नजर त्याच्या खुर्चीवर जाते. ही खोड मला नागपूरच्या मिहान प्रकल्पाने लावली. मुलगी तिथल्या एका आयटी कंपनीत आहे. कंपनीची कॅब ज्या दिवशी नसते त्या दिवशी तिला आणायला मी जातो. आत जायचा पास माझ्याकडे नाही, म्हणून गेटाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गाडी लावायची, काच खाली करायची आणि बसून राहायचं. वर्धा रोडवरून आत वळलं की नागपूर एकदम विरळ होतं. रुंद रस्ते, दुभाजकावर बोगनवेल, मधेच एखादी काचेची इमारत आणि मग पुन्हा कितीतरी वेळ नुसतं गवत. सोनेगावच्या धावपट्टीवर उतरणारं विमान इतकं खालून जातं की त्याची चाकं मोजता येतात. एक गेलं की दुसरं यायला बराच वेळ असतो. मधल्या वेळात बघायला उरते ती गेटावरची खुर्ची.

या खुर्च्या गेटासाठी म्हणून कधीच विकत घेतलेल्या नसतात. आधी त्या कुणाच्या तरी केबिनमध्ये, मीटिंगच्या खोलीत, कँटीनमध्ये नोकरी करतात. मग एखादं चाक निखळतं, गॅसचा दांडा बसतो आणि खाली गेलेली सीट वर येईनाशी होते, रेक्झिन फाटून पिवळा फोम दिसायला लागतो. तेव्हा कुणीतरी म्हणतं, गेटावर टाका. तिथे ती पुढची कितीतरी वर्षं ऊनपाऊस खात काढते. प्लास्टिकच्या खुर्च्यांची कथा थोडी वेगळी. त्यांच्या हाताला तडा गेला की दोन्ही बाजूंनी भोकं पाडून तारेने टाके घालतात. पाय दुमडायला लागला की तशाच दुसऱ्या मोडक्या खुर्चीत तिला बसवतात आणि दोन अधू खुर्च्यांची एक धड खुर्ची तयार होते. ही युक्ती कोणत्याही इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत असतील असं वाटत नाही, पण विदर्भातल्या बहुतेक गेटांवर ती सापडते.

मी ज्या गेटापाशी थांबतो तिथल्या चौकीदाराच्या खुर्चीचं रूप मात्र यातल्या कुठल्याच जातीत बसत नव्हतं. मे महिन्याचे शेवटचे दिवस, नवतपा सुरू झालेला, पारा पंचेचाळीसच्या पुढे. त्याने खुर्चीच्या पाठीला नायलॉनच्या दोरीने काळी छत्री बांधली होती. छत्रीच्या मागून खालपर्यंत वाढदिवसाच्या फ्लेक्सचा तुकडा सोडला होता, त्यावर कुण्या भाऊंचा अर्धा चेहरा आणि 'शुभेच्छुक' एवढंच उरलं होतं. दोन्ही बाजूंना पुठ्ठे. पुठ्ठे एसीच्या खोक्याचे होते. आत तो, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, मांडीवर रजिस्टर घेऊन बसलेला.

"बांधकाम जोरात आहे," मी म्हणालो.

"काय करता काका, खुर्ची जागच्या जागी राह्यते, ऊनच फिरते," तो म्हणाला. "सकाळी इकून, दुपारी डोक्शावर, अन् चार वाजता थेट तोंडावर."

बाजूला त्याची केबिनही होती, पत्र्याची. दुपारी दोननंतर तिच्यात हात घालवत नाही, असं तो म्हणाला.

हा आकार मी आधी कुठेतरी पाहिला होता. घरी आल्यावर आठवलं. लंडनच्या डाउनिंग स्ट्रीटवर दहा क्रमांकाचं घर आहे, ब्रिटनच्या पंतप्रधानांचं. त्याच्या पुढच्या दारातून आत गेलं की काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी लागते आणि तिथे एक उंच, काळ्या चामड्याची खुर्ची ठेवलेली आहे. फोटोत ती पंतप्रधानाच्या मागे कडेला दिसते आणि कुणी तिच्याकडे बघत नाही. बैलांच्या दमणीचा टप काढून उभा करावा आणि त्यात बैठक बसवावी, तशी तिची बांधणी. पाठ वर जाऊन डोक्यावर वळलेली, बाजू कानांच्या पुढे आलेल्या. ही खुर्ची थॉमस चिपेंडेलने केल्याचं सांगतात. एके काळी ती बाहेर रस्त्यावर, पहाऱ्यावरच्या माणसासाठी होती. बैठकीखाली एक खण आहे, त्यात निखारे ठेवून ती ऊबदार करायचे. एका हातावर चामडं ओरखडलेलं आहे, ते पहारेकऱ्यांच्या पिस्तुलांनी, असंही तिथे सांगतात.

ही एकच अशी खुर्ची नव्हे. इंग्लंडच्या बड्या घरांत दाराच्या आत अशा टपाच्या खुर्च्या ठेवायची पद्धतच होती. त्यांना पोर्टर्स चेअर म्हणत. पाहुणा आला की दार उघडायचं, नकोसा असला की बाहेरच थोपवायचं, मालक नाचगाण्याहून मध्यरात्री परतेपर्यंत जागं राहायचं, ही ज्याची कामं त्या नोकराची ती खुर्ची. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या त्या खुर्च्यांचं चामडं पितळी खिळ्यांनी ठोकलेलं असे, कधी बटणं लावून आतून गादी केलेली असे. ते सगळं करायचं कारण हवा. तिथली दारं सारखी उघडायची, दिवाणखान्यातल्या शेगडीची ऊब दारापर्यंत पोचायची नाही आणि फटींतून येणारा गार वारा बसलेल्याच्या मानेला आणि कानांना लागायचा. त्यासाठी टप. खुर्ची फार मागे कललेली नसे, तिच्यात लोळता येत नसे.

चिपेंडेल हा यॉर्कशायरच्या ओटली गावचा, १७१८ चा जन्म, सुतारकाम करणाऱ्या घरातला. १७५४ मध्ये त्याने फर्निचरच्या नमुन्यांचं एक जाडजूड पुस्तक काढलं आणि त्या जोरावर अख्ख्या युरोपात नाव झालं. उमरावांच्या बायकांसाठी त्याने कसल्या नाजूक पायांच्या खुर्च्या काढल्या आहेत! मला अप्रूप वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. कुणातरी कारागिराने एका नोकराला समोर बसवून, म्हणजे निदान मनात बसवून, त्याचे कान कुठे येतील, मान कुठे टेकेल, पावलं कुठे राहतील याचा हिशोब केला होता. तो हिशोब दयेपोटी केला होता असं मी समजत नाही. गारठलेला नोकर झोपतो किंवा आजारी पडतो, आणि मग दार कोण उघडणार? मालकाची सोय होती ती. पण हेतूची मला फारशी पर्वा वाटत नाही. नोकराचे कान वाचले, हे खरं.

त्याच यॉर्कशायरच्या डोंगरांत मेंढपाळांच्या घरी आणखी एक टपाची खुर्ची असायची. लाकडी, मागून आणि बाजूंनी फळ्यांनी बंद, बैठकीखाली खण. मेंढ्या वितात ते दिवस थंडीचे. शेतकरी रात्रभर त्या खुर्चीत बसून राहायचा आणि आईने टाकलेलं एखादं कोकरू खालच्या खणात, उबेला ठेवायचा. म्हणजे वर माणूस आणि खाली कोकरू, एकाच टपात. हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडचे रबारी आठवले. कच्छातून आलेले हे मेंढपाळ विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या फिरताहेत. पिकं निघाली की शेतात मेंढ्या बसवतात आणि खताच्या मोबदल्यात धान्य घेतात. बुटीबोरीच्या बाजूला त्यांचे उंट रस्त्याच्या कडेने जाताना दिसतात. उंटाच्या पाठीवर बाज बांधलेली, बाजेवर गोधड्या, भांडी, एखादं रांगतं मूल आणि त्याच दिवशी जन्मलेलं कोकरू. बाई खालून दोरी धरून चालत असते. कोकराला चालवत नाही म्हणून ते वर, बाईला चालवतं म्हणून ती खाली. त्यांच्या घरात खुर्ची नाही, पण कुणाला उचलून घ्यायचं याचा निवाडा पक्का आहे.

आपल्याकडे टप पुष्कळ झाले. हत्तीवरची अंबारी, मेणा, पालखीवरचं छत, दमणी, टांगा. पण बघाल तर हा टप नेहमी वाहून नेल्या जाणाऱ्याच्या डोक्यावर आहे, वाहणाऱ्याच्या नाही. अंबारीत राजा सावलीत आणि माहूत हत्तीच्या मानेवर उन्हात. मेण्याला पडदे आणि भोयांना घाम. नागपुरात सायकलरिक्षा होत्या तेव्हा याचं रोज दर्शन व्हायचं. सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत मे महिन्यात जायचं म्हणजे रिक्षावाला आधी मागे वळून टप ओढून द्यायचा, तो नीट बसला की नाही बघायचा, आणि मग स्वतः उघड्या डोक्याने पायडल मारायला लागायचा. आम्ही टपाखाली बसून त्याच्या पाठीवर शर्ट चिकटत जाताना बघत असू. तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आता ई-रिक्षा आल्या. त्या कर्कश आहेत, कुठेही वळतात, त्यांच्याविषयी कुणी चांगलं बोलत नाही. पण चालवणारा आणि बसणारा एकाच छताखाली आले ते त्यांच्यामुळे.

टपाच्या या रीतीला एक जुना अपवाद आहे, आणि तो दगडात आहे. रायगडाच्या महादरवाजातून आत शिरलं की दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या लागतात. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातही आहेत. आमच्या अकोला जिल्ह्यात नरनाळ्याला पंधराव्या शतकातला महाकाली दरवाजा आहे, देखणा, वर कोरीव अक्षरं, आणि त्याला लागून पहाऱ्याच्या शिबंदीसाठी सज्जे आणि खोल्या. गड चढून आलेला माणूस पहिल्यांदा थांबतो तो कमानीच्या सावलीत. मी उन्हाळ्यात अशा एका देवडीत बसलो आहे. दगड पाठीला गार लागतो, दोन दरवाजांमधून झुळूक वाहते, आपण जमिनीपेक्षा हातभर उंच असतो, म्हणून येणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडतो. बाजूच्या भिंती दोन्हीकडून पुढे आलेल्या, वर छत. पहारेकऱ्यासाठी बांधलेली टपाची खुर्चीच ती, फक्त हलवता न येणारी. वाडा किंवा गड बांधताना देवडी आधीपासून नकाशात असे. दार म्हटलं की दारावरचा माणूस आला आणि माणूस आला की त्याची बसायची जागा आली, इतकं ते सरळ होतं.

मग इंग्रज आले. नागपूरचं राज्य त्यांनी खालसा केलं आणि सिव्हिल लाइन्समध्ये बंगले झाले. त्यांच्या मुलखातली टपाची खुर्ची मी इथे कुठल्या बंगल्यात पाहिली नाही, आणि तिची इथे गरजही काय? इथे गार वारा दारातून आला तर लोक दार लावत नाहीत, आणखी उघडतात. साहेबाने स्वतःसाठी व्हरांड्यात वेताची लांब हातांची आरामखुर्ची टाकली. तिच्या हातांवर पाय पसरून बसायचं, वर पंखा हलायचा, दाराला वाळ्याच्या ताट्या, त्यांवर पाणी मारायला माणूस. आणि दारावरच्या पट्टेवाल्याला दिलं स्टूल. स्टुलाला पाठ नाही, हात नाहीत. घंटा वाजली की ताडकन उठता यावं हा त्याचा गुण. इंग्रज गेला, कलेक्टर कचेऱ्यांतून ते स्टूल काही गेलं नाही. मी सरकारी नोकरीत चाळीशीला आलो तोवर आमच्या साहेबाच्या दारावरचा शिपाई त्याच स्टुलावर बसून निवृत्त झाला, आणि त्याच्या पाठदुखीची चेष्टा करण्यात आम्ही कारकून पुढे होतो. त्याची पाठ आणि ते स्टूल यांचा संबंध कुणी लावला नाही.

खरी टपाची खुर्ची मला शेवटी भेटली ती वर्धा रोडवरच्या एका लॉनमध्ये. लॉन म्हणजे लग्नाचं मैदान, नागपूरकरांना सांगायला नको. भाच्याच्या मुलीचं लग्न होतं. प्रवेशाच्या कमानीपाशी फोटो काढायला सजावटवाल्याने एक आसन मांडलं होतं. पुरुषभर उंच, डोक्यावर वळलेला टप, आतून किरमिजी रेक्झिन, बटणं लावून फुगवलेलं, बाहेरून सोनेरी रंग. काळ्या चामड्याचा सोनेरी मुलामा झाला होता, बाकी सगळं तेच. मंडपवाले याला महाराजा खुर्ची म्हणतात. नवरीला त्यात बसवून फोटो काढत होते. मामा, मावशा, पोरंटोरं, सगळ्यांचे नंबर लागले होते. माझाही लागला.

आत बसल्यावर पहिली गोष्ट कळली ती आवाजाची. डीजे उजवीकडे होता, तो एकदम मागे गेला. समोर फोटोग्राफर हळूच बोलत होता, ते कानाशी बोलल्याइतकं स्पष्ट आलं. बाजूचं काहीच दिसत नाही, समोरचं तेवढं दिसतं. दारावरच्या नोकराला नेमकं एवढंच हवं असणार, मागचं घर पुसून टाकायचं आणि समोरच्या दाराकडे कान. दुसरी गोष्ट कळली ती उकाड्याची. मिनिटभरात मानेखाली घाम जमला. गादी, बटणं, रेक्झिन, सगळं उष्णता धरून ठेवायला केलेलं. नवरीची गजऱ्याची फुलं त्यात कोमेजली होती. मी उठलो आणि कमानीच्या दुसऱ्या अंगाला गेलो, तर तिथे लॉनचा चौकीदार होता. गाड्या लावून देत होता, पाहुण्यांना नमस्कार करत होता. त्याला बसायला स्टूल होतं, आणि त्या वेळी त्यावर पाण्याचा जार ठेवलेला होता.

कुठल्याशा इंग्रजी घरातल्या नोकराची खुर्ची दीडदोनशे वर्षांनी मैलोगणती चालत येते, सोन्याने मढते, राजाची म्हणून भाड्याने जाते, आणि नोकर तिच्या शेजारी उभाच. यात कुणाचं कारस्थान नाही. सजावटवाल्याने कुठल्या तरी कॅटलॉगात ती पाहिली असणार, परदेशी हॉटेलांच्या लॉबीत हल्ली ती अशीच शोभेला ठेवतात. टप दिसला की आपल्याला राजा आठवतो, एवढंच. अंबारीची सवय जाता जात नाही.

हे मी मुलीला गाडीत सांगत होतो तर ती म्हणाली, "बाबा, आमच्या फ्लोअरवर आहेत की तसल्या." तिच्या कंपनीत भिंती नाहीत. एका लांबलचक हॉलमध्ये शेकडो लोक रांगेने बसतात आणि कुणालाही फोनवर खासगी बोलता येत नाही. म्हणून कोपऱ्यात उंच पाठीचे, बाजू पुढे आलेले सोफे ठेवले आहेत. त्यात शिरून बोलायचं. आवाज बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. याची कुळी मी शोधून काढली. रोनान आणि एरवान बुरुलेक या फ्रेंच भावांनी २००६ मध्ये असा एक सोफा काढला आणि मग जगभरच्या ऑफिसांत त्याच्या नकला पसरल्या. त्याच्याही आधी, १९५८ मध्ये, कोपनहेगनच्या एका हॉटेलसाठी आर्ने याकॉबसेनने अंड्याच्या आकाराची खुर्ची केली होती, लॉबीच्या गर्दीत माणसाला एकटं बसता यावं म्हणून. म्हणजे पूर्वी वारा अडवायला केलेला टप आता माणसं अडवायला वापरतात. एसीत बसलेल्या माझ्या मुलीला त्याची गरज आहे हे मी नाकारत नाही. ती दिवसातून दहा-दहा मिनिटं त्या सोफ्यात डोळे मिटून बसते, फोन कानाला लावून, म्हणजे कुणी हटकत नाही.

बसणं ही तशी क्षुल्लक गोष्ट, पण तिच्यासाठी कायदे करावे लागले आहेत. इंग्लंडात १८९९ मध्ये दुकानांत काम करणाऱ्या बायकांसाठी बैठकी ठेवा असा कायदा झाला, तीन बायकांमागे एक. आपल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमात उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं अशी सोय करा, असं एक कलम होतं. केरळात कापडदुकानांतल्या बायकांनी अनेक वर्षं भांडून २०१८ मध्ये बसण्याचा हक्क मिळवला, तमिळनाडूने २०२१ मध्ये तो दिला. महाराष्ट्रात खासगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ पासून वेगळा कायदा आहे आणि त्यांची मंडळंही. खुर्ची कशी असावी हे मात्र कोणताच कायदा सांगू शकत नाही. ते सुताराचं काम आहे, किंवा बुरुडाचं.

बुरूड म्हणण्याचं कारण आहे. जर्मनीच्या किनाऱ्यावर उन्हात आणि वाऱ्यात बसण्यासाठी वेताची टपाची खुर्ची मिळते, दोघांना पुरेल एवढी. ती पहिल्यांदा केली रोस्टॉक शहरातल्या विल्हेल्म बार्टेलमान नावाच्या बुरुडाने, १८८२ मध्ये. संधिवाताने त्रासलेल्या एका बाईला समुद्रावर बसायचं होतं, तिच्यासाठी. आज तो सगळा किनारा त्या खुर्च्यांनी भरलेला असतो. तिचा टप ऊन आणि वारा दोन्ही अडवतो; नुसत्या विणीतून मात्र वारा जाईल आणि ऊन अडेल. आपल्याला हवं ते हेच. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचं संशोधन आणि प्रशिक्षण देणारं सरकारी केंद्र आहे, गडचिरोलीच्या जंगलात बांबूला तोटा नाही, तट्टे विणणारे हात अजून आहेत. बांबूचा टप, मागे वाळ्याची एक ताटी, खाली निखाऱ्यांच्या खणाऐवजी पाण्याच्या माठाला जागा. डिसेंबर-जानेवारीत मिहानच्या मोकळ्या माळावर पारा दहाच्या खाली उतरतो, चौकीदार शेकोटी पेटवून बसतात, तेव्हा हाच टप फिरवून वाऱ्याकडे पाठ करता येईल. मी कागदावर चित्र काढलं, मापं टाकली आणि पुढच्या खेपेला गेटावर घेऊन गेलो.

त्याने कागद नीट पाहिला. उलटासुलटा केला.

"चांगली हाय काका," तो म्हणाला, "पन बाजूनं गाडी आली तं दिसन कशी? अन् सायबाले वाटन का हा आत झोपला." मग वर बोट केलं. गेटाच्या खांबावर कॅमेरा होता. मी इतके दिवस समजत होतो की तो येणाऱ्या गाड्यांकडे बघतो. तो खुर्चीकडे वळवलेला होता. छत्री चालते, कारण छत्रीखाली डोकं दिसतं. पुठ्ठे मात्र मुकादम आला की काढून ठेवावे लागतात.

माझ्या चिपेंडेलगिरीचा असा निकाल लागला. टपाची खुर्ची देणाऱ्या इंग्रज मालकाचाही नोकरावर विश्वास असेल असं नाही, पण दार वाजल्यावर ते उघडलं की त्याचं समाधान होत असावं. इथे दार उघडून भागत नाही. ताठ बसलेलं दिसावंही लागतं.

मग तो आपणहून बोलायला लागला. त्याच्या वडिलांचं शेत इथलंच, तूर आणि कापूस व्हायचा. शेत प्रकल्पात गेलं. शेतात ज्वारी असायची तेव्हा मचान असे, चार बल्ल्यांवर, वर पळसाच्या फांद्या आणि कडबा. लहानपणी तो त्यावर बसून पाखरं हाकायचा, रात्री वडिलांबरोबर जागलीला जायचा. "तिथं कोनी बघत नव्हतं आपन झोपलो का जागे," तो म्हणाला. "ज्वारी राह्यली म्हंजे जागे." मचान कुणी करून दिलं होतं, मी विचारलं. "कोन देते? आमीच बांधलं."

"मग आता काय हवं?" मी विचारलं.

"खुर्ची नोको काका. निंबाचं झाड लावा म्हना यायले, पश्चिमेकडून." जरा थांबून तो हसला. "पन झाड सावली देईस्तोवर माही बदली झाली रायते."

त्याची बदली झाली. आता तिथे दुसरा मुलगा आहे, लहानच, बारावी झालेला. त्याने छत्री काढून टाकली. छत्रीखाली फोन नीट बघता येत नाही म्हणतो. तो पत्र्याच्या केबिनच्या सावलीत, भिंतीला टेकून उभा असतो, आणि चार वाजता सावली फिरली की केबिनच्या दुसऱ्या बाजूला जातो. खुर्ची रिकामी असते. काळी, फिरती, दोन चाकं गेलेली.

आमच्या अपार्टमेंटच्या गेटावर काय आहे हे मला त्यानंतर बघावंसं वाटलं. मी तिथे अठरा वर्षं राहतो. डायनिंग टेबलची लाकडी खुर्ची आहे, तिसऱ्या मजल्यावरच्यांनी नवा सेट घेतला तेव्हाची. एक पाय आखूड, त्याखाली विटेचा तुकडा. दुपारी अडीचपासून साडेपाचपर्यंत तिच्यावर सरळ ऊन असतं. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत मी दोन ओळी घातल्या आहेत. पश्चिमेला कडुनिंब लावणे, आणि तो वाढेपर्यंत बांबूचं छप्पर व हातांची, पाठीची एक नवी खुर्ची, दुकानातून आणलेली. सेक्रेटरी म्हणाले, खर्च काय आहे, घ्या, पण गार्ड झोपेल. झोपला तर मी उठवीन, असं मी लिहून दिलं आहे. तुमच्या गेटावर कोणती खुर्ची आहे आणि ती कुठल्या घरातून बाद होऊन आली, एवढं या उन्हाळ्यात दुपारी तीन वाजता खाली उतरून बघून या.